केमिकल पील: कोणता धोका कधी येतो आणि त्या वेळी काय करायचं

केमिकल पील म्हणजे त्वचेला मोजूनमापून केलेली जखम. जाहिरातीत असं कुणी लिहीत नाही, पण एवढं मान्य केलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. आम्ल लावून त्वचेचा वरचा थर निकामी करायचा, तो गळून पडू द्यायचा आणि खालून नवी त्वचा येऊ द्यायची. जुने डाग फिके होतात ते या जखमेमुळे, आणि नवे डाग पडतात तेही याच जखमेमुळे. ती किती खोल गेली आणि नंतर तिला कसं सांभाळलं, यावर सगळं ठरतं.

पीलच्या जवळपास प्रत्येक गुंतागुंतीची स्वतःची वेळ असते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. भाजणं मिनिटांत कळतं. जंतुसंसर्ग आणि विषाणूचे फोड साधारण पहिल्या दहा दिवसांत येतात. काळे डाग काही आठवड्यांनी उमटतात. व्रण, म्हणजे जखम भरल्यावर राहणारी कायमची खूण, दिसायला दोन-तीन महिने लागतात, पण त्याची चाहूल दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच लागते. लोक पहिल्या दिवसाच्या लालीला घाबरून फोन करतात आणि तिसऱ्या आठवड्यातल्या लालीला ‘जाईल हळूहळू’ म्हणून सोडून देतात. धोका बहुतेक वेळा त्या दुसऱ्या लालीत असतो. म्हणून पुढचं सगळं दिवसांच्या क्रमाने मांडलं आहे.

आधी खोली समजून घ्या

पीलचे तीन प्रकार मानतात: वरवरचा, मध्यम आणि खोल. वरवरच्या पीलमध्ये २० ते ७० टक्के ग्लायकोलिक ॲसिड, २० ते ३० टक्के सॅलिसिलिक ॲसिड, लॅक्टिक, मँडेलिक किंवा सौम्य ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, म्हणजे टीसीए, वापरतात. त्याचा परिणाम मुख्यतः बाह्यत्वचेपुरता राहतो. मध्यम पीलसाठी साधारण ३५ टक्के टीसीए, बहुधा आधी जेसनर्स सोल्युशन किंवा ग्लायकोलिक लावून. जेसनर्स म्हणजे रेसॉर्सिनॉल, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिड यांचं अल्कोहोलमधलं मिश्रण. खोल पील फिनॉल आणि क्रोटन तेलाचा असतो. हा केवळ चेहऱ्याचा उपचार राहत नाही, त्याचा परिणाम हृदयापर्यंत पोहोचू शकतो. त्याबद्दल पुढे.

टीसीए ५० टक्के आणि त्याच्या पुढे गेलं की खोलीवर भरवसा राहत नाही आणि व्रणांचं प्रमाण वाढतं, म्हणून पूर्ण चेहऱ्यावर ते वापरत नाहीत. मुरमांच्या खोल, अरुंद खड्ड्यांमध्ये टाचणीच्या टोकाएवढा थेंब सोडण्यासाठी मात्र डॉक्टर त्याहून तीव्र टीसीए वापरतात. ते तंत्र वेगळं आहे. त्याच्यासाठी विकली जाणारी बाटली बघून ‘हे चेहऱ्याला चालतं’ असा निष्कर्ष काढणं महागात पडतं.

आता टक्केवारीबद्दल. बाटलीवरचा आकडा ही अर्धीच माहिती असते. ग्लायकोलिकच्या बाबतीत पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, तितकाच महत्त्वाचा; तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र. ७० टक्क्यांचं, पीएच न वाढवलेलं द्रावण १ पेक्षाही कमी पीएचचं असू शकतं. तेच प्रमाण पीएच ३ च्या आसपास आणून ठेवलं तर बरंच सौम्य वागतं. घरी वापरायच्या उत्पादनांसाठी जास्तीत जास्त १० टक्के आणि पीएच किमान ३.५ ही मर्यादा सौंदर्यप्रसाधनांच्या सुरक्षिततेचा आढावा घेणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञ समितीने सुचवलेली आहे. टीसीएमध्ये घोळ वेगळा. ३० ग्रॅम स्फटिक घेऊन एकूण १०० मिलिलिटर द्रावण केलं की ३० टक्के होतं. मोजण्याची पद्धत बदलली की त्याच आकड्याखाली द्रावणाची खरी ताकद बदलते. शिवाय किती थर दिले, किती जोराने घासलं, आधी ॲसिटोनने चेहरा किती पुसून काढला, त्वचा आधीच सोललेली होती का, या प्रत्येक गोष्टीने खोली बदलते. म्हणूनच ‘मैत्रिणीने ३० टक्क्यांचा केला, तिला काही झालं नाही’ या वाक्याला काही किंमत नाही.

चेहरा लवकर भरून येतो आणि मान, छाती, हातांच्या मागची बाजू मात्र नाही, याचंही कारण इथेच सांगून टाकते. नवी त्वचा केसांच्या मुळांतून आणि त्यांना जोडलेल्या तैलग्रंथींतून उगवते. चेहऱ्यावर त्यांची दाटी असते, मानेवर ती फार विरळ. चेहऱ्याला झेपलेला पील मानेवर व्रण सोडू शकतो तो यामुळे. चेहऱ्यावर लावून उरलेलं आम्ल मानेवर फिरवायची सवय असलेल्या व्यक्तीकडून पील करून घेऊ नका.

पहिली भेट: डॉक्टरांनी न विचारलं तरी सांगायच्या गोष्टी

गेल्या वर्षभरात मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर आधी ते सांगा. पूर्वी सहा महिने थांबायचा सरसकट नियम होता. २०१७ साली त्वचारोगतज्ज्ञांच्या एका गटाने उपलब्ध पुरावे तपासले आणि वरवरच्या पीलसाठी एवढं थांबायला पुरेसा आधार नाही असं मत मांडलं. मध्यम आणि खोल पीलच्या बाबतीत बहुतेक डॉक्टर अजूनही थांबायलाच सांगतात, आणि ते योग्यच आहे.

ताप आल्यावर किंवा उन्हात फिरल्यावर ओठांच्या कडेला पाणीदार फोड उठण्याचा इतिहास असेल तर तोही सांगा, अगदी शेवटचे दहा वर्षांपूर्वी आले असतील तरी. हा हर्पीस सिम्प्लेक्सचा विषाणू मज्जातंतूंमध्ये झोपलेला असतो आणि पीलची जखम त्याला जागं करते. प्रतिबंधक गोळ्या आधी सुरू केल्या तर हे बहुतांशी टळतं. मध्यम आणि खोल पीलला तर इतिहास नसला तरी बरेच डॉक्टर त्या देतात, कारण अनेकांना आपल्या अंगात हा विषाणू आहे हेच माहीत नसतं.

कुठल्याही जखमेवर जाड, वाढत जाणारा व्रण येण्याची सवय. चेहऱ्यावर किंवा मानेवर पूर्वी झालेलं रेडिएशन. खालच्या पापणीची किंवा चेहऱ्याची अलीकडची शस्त्रक्रिया. मधुमेह, धूम्रपान, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. ॲस्पिरिनची ॲलर्जी, कारण सॅलिसिलिक त्याच कुळातलं. गर्भधारणा किंवा तिची शक्यता. यातलं काहीही असेल तर पीलचा प्रकार बदलतो किंवा पीलच रद्द होतो. रेडिएशनने तैलग्रंथी आणि केसांची मुळं नष्ट होतात. मग त्वचा उगवणार कुठून, हा प्रश्न उरतो.

एक गोष्ट लोक हमखास लपवतात, किंवा त्यांना ती सांगण्यासारखी वाटतच नाही: गोरं करणारी म्हणून वर्षानुवर्षं लावलेली क्रीम. अशा बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. त्याने त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येतं. या त्वचेवर वरवरचा पीलसुद्धा खोल जाऊ शकतो. क्रीमची ट्यूब सोबत न्या. नाव आठवत नसेल तर फोटो दाखवा. लाज वाटायचं कारण नाही, डॉक्टरांनी अशा ट्यूब पुष्कळ पाहिलेल्या असतात.

त्वचेच्या रंगाबद्दल डॉक्टर काही विचारत असतील तर ते बहुधा फिट्झपॅट्रिकची पट्टी वापरत आहेत. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली ती मांडली. ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते यावरून ती वर्गवारी होते आणि आज तिचे एक ते सहा असे प्रकार मानतात. चार ते सहा या गव्हाळ ते गडद त्वचेत पीलनंतर काळे डाग पडण्याचा धोका सर्वांत जास्त. त्यांच्यासाठी एका मोठ्या पीलपेक्षा काही आठवड्यांच्या अंतराने केलेले वरवरचे पील बरे. निकाल हळू येतो, पण चेहरा शाबूत राहतो.

दोन ते चार आठवडे आधी

या काळात त्वचा तयार करतात. रात्री ट्रेटिनॉइन (‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं, त्वचेला लावायचं औषध) किंवा सौम्य ग्लायकोलिक, गरजेप्रमाणे हायड्रोक्विनोनसारखं रंगद्रव्य आवरणारं औषध, आणि रोज सनस्क्रीन. तयारीमुळे आम्ल सर्वत्र सारखं मुरतं आणि रंगपेशी आधीच थोड्या शांत झालेल्या असतात. शिवाय हा शिस्तीचाही कस आहे: चार आठवडे रोज सनस्क्रीन लावणं जमलं नाही, तर पीलनंतर जमेल असं धरून चालू नका. काही डॉक्टर याच कारणासाठी तयारीविना पील करायला नकार देतात. त्यांच्यावर रागावू नका.

शेवटच्या आठवड्यात उलटा क्रम. ट्रेटिनॉइन, त्याच कुळातलं ॲडापालिन, घरची आम्लं आणि स्क्रब डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद करायचे, साधारण तीन ते सात दिवस. वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच, फेशियल आणि लेझर टाळायचं. पीलच्या सकाळी दाढीही नको. वॅक्सने वरचा थर ओरबाडला गेला असेल तर नेमक्या तेवढ्या पट्ट्यात आम्ल खोल उतरतं. वरच्या ओठावर मिशीच्या आकाराचा काळा पट्टा दिसला, तर त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. ऊन लागून चेहरा रापलेला असेल, कुठे खाजरा लाल चट्टा असेल, फोड असेल तर तारीख पुढे ढकला.

कानामागे किंवा कानासमोर छोटी चाचणी करून घेता येते. तिच्यावरून ॲलर्जी आणि तीव्र प्रतिक्रिया बऱ्यापैकी कळते. डाग पडणार की नाही हे कळायला मात्र काही आठवडे थांबावं लागतं, आणि चाचणी ठीक गेली म्हणजे पूर्ण चेहऱ्याची हमी मिळाली असंही नाही.

खुर्चीत बसल्यावर

इथे तुमच्या हातात फार काही नसतं, पण नजर ठेवण्यासारखं बरंच असतं. आम्ल कपात ओतल्यावर बाटली बंद होते का? आम्लात भिजलेला बोळा किंवा ब्रश डोळ्यांवरून पलीकडे नेला जातो का? जाता कामा नये, हात नेहमी डोक्याच्या बाजूने वळसा घालून जायला हवा. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे यांना पेट्रोलियम जेली लावली का? जवळ पाणी किंवा सलाइन आहे का? ग्लायकोलिक असेल तर निष्प्रभ करणारं सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण आधीच भरून ठेवलंय का?

हा शेवटचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण आम्लांचे स्वभाव वेगळे आहेत. ग्लायकोलिक आपणहून थांबत नाही. ते धुऊन किंवा निष्प्रभ करून थांबवावं लागतं, म्हणून तिथे घड्याळ लावतात. तरीही पूर्ण वेळ संपेपर्यंत वाट पाहणारा चुकतो. एखाद्या जागी लाली भराभर वाढू लागली किंवा राखाडी-पांढुरका ठिपका दिसला तर तेवढी जागा लगेच निष्प्रभ करायची, बाकीच्या चेहऱ्याचे मिनिट शिल्लक असले तरी. म्हणून कुठे एकाच ठिकाणी जास्त टोचतंय असं वाटलं तर सहन करत बसू नका, बोट दाखवून सांगा.

टीसीए त्वचेतल्या प्रथिनांना गोठवतं आणि तिथेच खर्ची पडतं. त्या गोठण्याचा पांढरेपणा म्हणजे फ्रॉस्ट. लालीवर तुरळक पांढरे ढग दिसले तर पील वरवरचा आहे. पांढऱ्या थरातून खालची लाली दिसत असेल तर मध्यम. खडूसारखा घट्ट पांढरा थर आला तर तो बराच खोल गेला. फ्रॉस्ट आल्यावर बायकार्बोनेट ओतून जे झालं ते उलटवता येत नाही. टीसीएमध्ये सगळं कौशल्य पुढचा थर द्यायच्या आधी थांबून बघण्यात आहे, कारण फ्रॉस्ट उमटायला थोडा वेळ लागतो आणि अधीर हात तेवढ्यात आणखी एक थर देऊन मोकळा होतो.

सॅलिसिलिक लावल्यावर जो पांढरेपणा येतो तो निव्वळ आम्लाच्या स्फटिकांचा, पाण्याने पुसला जातो. त्याला फ्रॉस्ट समजू नये. सॅलिसिलिकचा खरा धोका मोठ्या भागावर लावण्यात आहे. पाठ, छाती आणि हात एकाच बैठकीत केले तर पुरेसं आम्ल रक्तात शिरू शकतं. कानात गुंजारव, चक्कर, मळमळ, श्वास वेगाने चालणं ही त्याची लक्षणं. घरी गेल्यावर सुरू झाली तरी ती पीलचीच समजून ताबडतोब डॉक्टर गाठा.

डोळ्यातून पाणी आलं तर लगेच टिपायला सांगा. अश्रूंच्या ओघळाबरोबर आम्ल डोळ्यात ओढलं जाऊ शकतं किंवा गालावरून मानेपर्यंत उतरू शकतं. आम्ल डोळ्यात गेलंच तर लेन्स काढून पापण्या उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटं भरपूर पाण्याने किंवा सलाइनने धुणं आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून हे टाळायचं नाही.

फिनॉलचा पील असेल तर हे सगळं अपुरं आहे. फिनॉल त्वचेतून रक्तात जातं आणि हृदयाची लय बिघडवू शकतं. यकृत आणि मूत्रपिंडं त्याचा निचरा करतात. म्हणून पूर्ण चेहऱ्याचा फिनॉल पील हृदयावर सतत मॉनिटर लावून, शिरेतून द्रव देत आणि चेहऱ्याचे भाग पाडून, एका भागानंतर साधारण १५ मिनिटं थांबत करतात. घाईघाईत अर्ध्या तासात उरकायचा हा प्रकारच नाही. जिथे ईसीजीचं यंत्र नाही, आपत्कालीन औषधं नाहीत, तिथे पूर्ण चेहऱ्याच्या फिनॉल पीलसाठी झोपूच नका. सलूनमध्ये तर विषयच नाही.

पहिले ४८ तास

उन्हाने भाजल्यासारखी लाली, ताण, थोडी जळजळ, मध्यम पीलनंतर डोळ्यांभोवती सूज: हे अपेक्षित. मध्यम पीलनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे किलकिले झालेले पाहून घरचे घाबरतात, पण सूज बहुधा दोन-तीन दिवसांत उतरते. थंड ओल्या कपड्याच्या पट्ट्या, उशी उंच, आणि डॉक्टरांनी दिलेलं साधं मलम किंवा पेट्रोलियम जेली. बर्फ थेट लावू नका. व्हिटॅमिन सी, सुगंधी क्रीम, कोरफड, हळद, घरातला कुठलाही लेप नको. उघड्या त्वचेवर लावलेली प्रत्येक नवी गोष्ट ॲलर्जीला आमंत्रण असते.

वरवरच्या पीलनंतर मोठे पाण्याचे फोड येणं, कुठे त्वचा करडी-काळपट किंवा ओलसर उघडी पडणं, वेदना तासागणिक वाढत जाणं हे अपेक्षित नाही. त्याचा अर्थ पील ठरवल्यापेक्षा खोल गेला. ज्यांनी केला त्यांना त्याच दिवशी दाखवा.

तिसऱ्या ते दहाव्या दिवसापर्यंत

साल निघायला लागते, वरवरच्या पीलची दोन ते पाच दिवस, मध्यमची आठवडा-दहा दिवस. ती ओढू नका. हे प्रत्येक लेखात लिहिलेलं असतं आणि तरी आरशासमोर उभं राहिलं की बोटं तिकडे जातातच. अर्धवट सुटलेली साल ओढली की खालची अजून तयार न झालेली त्वचाही सोबत येते, आणि नंतर पडणाऱ्या कित्येक डागांचा उगम तिथे असतो. लोंबणारा तुकडा टोचत असेल तर स्वच्छ कात्रीने कापा.

संसर्ग याच काळात होतात. ओळखायची सोपी खूण अशी: नीट चाललेली जखम रोज थोडी बरी वाटते. एक-दोन दिवस बरं वाटून पुन्हा दुखायला लागलं तर संसर्गाचा संशय घ्या.

हर्पीसचं मुख्य लक्षण वेदना. पील बरा होत असताना अचानक टोचणारी, जळणारी वेदना, ओठांजवळ किंवा गालावर एकाच आकाराच्या बारीक उथळ जखमांचा पुंजका. एरवी हर्पीस म्हटलं की पाणीदार फोड डोळ्यांसमोर येतात, पण पीलनंतर वरची त्वचाच गेलेली असल्यामुळे फोड दिसत नाहीत, नुसते ओरखडल्यासारखे खड्डे दिसतात. त्यामुळे ‘साल ओढली गेली असेल’ म्हणून हे सोडून दिलं जातं. विषाणूविरोधी औषध जितकं लवकर सुरू, तितका व्रणाचा धोका कमी. इथे उद्या सकाळपर्यंत थांबणंही परवडत नाही. डोळ्याजवळ असेल तर नेत्रतज्ज्ञही हवा.

जिवाणूंचा संसर्ग मधासारख्या पिवळ्या खपल्या, पू, वास, वाढती सूज अशा रूपात येतो. हिरवट स्राव आणि उग्र वास आला तर स्यूडोमोनास या जिवाणूची शंका घेतात. यीस्टचा संसर्ग खाजतो, लाल पृष्ठावर बारीक पांढुरके दाणे दिसतात, आणि जाड मलमाखाली तो चांगला पोसतो. नमुना तपासणीला पाठवून मगच औषध बदललेलं बरं. घरात पडून असलेली अँटिबायोटिक मलमं लावू नका. काहींमधल्या निओमायसिनची ॲलर्जी सर्रास आढळते, आणि मग लाली संसर्गाची की मलमाची हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. जोराचा ताप, अंगभर पुरळ, उलट्या-जुलाब, चक्कर असं एकत्र आलं तर थेट रुग्णालय. खोल पीलनंतर जिवाणूंच्या विषाने होणारा टॉक्सिक शॉक सिंड्रोम विरळा आहे, पण जीवघेणा आहे.

दुसरा-तिसरा आठवडा: व्रणाची चाहूल

मध्यम पील दहा दिवसांत, खोल पील साधारण दोन आठवड्यांत वरून बंद व्हायला हवा. त्यानंतरही एखादी जागा उघडी, ओलसर असेल तर ती जागा व्रणाच्या वाटेवर आहे असं धरून चला. दुसरी खूण लालीची. सगळा चेहरा हळूहळू फिका होतोय आणि एका ठिकाणी, बहुधा वरचा ओठ, हनुवटी किंवा जबड्याची कड, लाली तशीच राहिलीय, तिथे खाज येतेय, बोट फिरवलं तर कडक लागतंय: हा व्रणाचा आरंभ. या टप्प्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात. तीव्र स्टेरॉइड मलम ठरावीक दिवस, सिलिकॉन जेल, गरज पडल्यास व्रणात स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा लाली कमी करणारा पल्स्ड डाय लेझर. तीन महिन्यांनी दोरीसारखा व्रण उठल्यावर गेलात तरी उपाय तेच, पण फळ निम्मंही मिळत नाही.

खोल पीलनंतर सगळ्या चेहऱ्यावर गुलाबी झाक काही महिने राहणं हे वेगळं, त्याला व्रण समजू नका. जागा ठरावीक आहे का आणि कडक आहे का, एवढे दोन प्रश्न पुरतात.

खालची पापणी बाहेरच्या बाजूला ओढली जाऊन डोळ्यात कोरडेपणा, पाणी येणं सुरू झालं तर तेही आकसणाऱ्या त्वचेचं लक्षण. आधी पापणीची शस्त्रक्रिया झालेल्यांत याची शक्यता जास्त. पुष्कळदा मालिश आणि टेपने सुटतं, क्वचित शस्त्रक्रिया लागते.

काळे डाग, आणि त्याहून वाईट पांढरे

गव्हाळ आणि गडद त्वचेच्या माणसांची ही सर्वांत मोठी तक्रार. दाह झाला की रंगपेशी जास्त रंगद्रव्य बनवतात आणि शेजारच्या पेशींत भरतात. पील छान बरा होतो, त्वचा आठवडाभर चमकते, आणि मग दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात केव्हातरी आधीच्या वांगापेक्षा गडद डाग दिसायला लागतो. याला कारण ऊन हे खरंच, पण खिडकीतून येणारा नुसता दृश्य प्रकाशही गडद त्वचेत डाग वाढवतो. तो साध्या सनस्क्रीनने नीट अडत नाही, आयर्न ऑक्साइड असलेल्या रंगीत सनस्क्रीनने बराच अडतो. त्वचा बंद होईपर्यंत टोपी, छत्री आणि सावली, बंद झाल्यावर एसपीएफ ३० किंवा जास्त, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. गर्भनिरोधक गोळ्या, डॉक्सिसायक्लिनसारखी ऊन झोंबवणारी औषधं चालू असतील तर त्यांचा विचार पीलच्या आधीच व्हायला हवा.

डाग दिसला की पहिली ओढ असते ती पुन्हा पील करून तो घालवायची. तसं केलंत तर आगीत तेल पडेल. आधी दाह शमू द्यायचा, मग हायड्रोक्विनोन, ॲझेलिक ॲसिड, ट्रेटिनॉइनच्या कुळातलं सौम्य रेटिनॉइड, डॉक्टर ठरवतील त्या क्रमाने. हायड्रोक्विनोन महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने लावत राहिल्यास त्वचा निळसर-काळी पडू शकते, आणि तो रंग घालवणं फार अवघड. तपकिरी डाग बहुधा वरच्या थरात असतात आणि काही महिन्यांत फिके होतात. राखाडी-निळसर झाक असेल तर रंग खोल उतरलेला आहे, मग वर्ष लागलं तरी नवल नाही.

पांढरेपणा उशिरा येतो, फिनॉलनंतर तर काही महिन्यांनी लाली गेल्यावर. रंगपेशीच कायमच्या कमी झालेल्या असतात, त्यामुळे त्यावर खात्रीचा उपाय नाही. जबड्याच्या कडेला चेहरा आणि मान यांच्या रंगात रेघ आखल्यासारखा फरक दिसतो. गडद त्वचेवर खोल फिनॉल पील करायला अनुभवी डॉक्टर तयार होत नाहीत, त्याचं हे मुख्य कारण.

मिलिया म्हणजे बारीक पांढरे कडक दाणे, आणि मुरमांसारखं पुरळ, हे दोन्ही त्रास जाड मलमांनी वाढतात आणि बहुतेक वेळा सहज आटोक्यात येतात. दाणे स्वतः टोचून काढू नका. रेसॉर्सिनॉलची ॲलर्जी मात्र खाज, सूज आणि पुरळ घेऊन येते, आणि तिची नोंद पुढे कायम ठेवावी लागते.

घरी मागवलेल्या बाटल्या

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने इशारा दिला: टीसीए, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिडचं तीव्र प्रमाण असलेली पीलची उत्पादनं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय विकत घेऊ नका, वापरू नका. त्यामागचं कारण वर आलंच आहे. फ्रॉस्ट वाचायला शिकलेली नजर आणि गरज पडली तर थांबवणारा हात, दोन्ही बाटलीबरोबर येत नाहीत. टीसीएच्या बाटलीच्या तोंडाशी स्फटिक जमलेले असतात. ते द्रावणात पडले किंवा बोळ्याला चिकटले तर तेवढ्या जागी ताकद कितीतरी वाढते.

तरी लावून झालं असेल आणि भाजायला लागलं असेल तर नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटं धरा. खायचा सोडा चोळू नका. चोळण्यानेच इजा होते, आणि टीसीएने जे गोठलं ते सोड्याने सुटत नाही. लिंबू, दही, टूथपेस्ट काही नको. पेट्रोलियम जेली लावा, बाटली पिशवीत घालून सोबत घ्या आणि दवाखाना गाठा.

पुढचा पील, आणि नोंद

वरवरचे पील साधारण दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने होतात. मध्यम पील काही महिन्यांच्या अंतराशिवाय पुन्हा करत नाहीत. लाली, खाज किंवा सालपट शिल्लक असेपर्यंत पुढची तारीख घेऊ नका, मग सहा बैठकींचे पैसे आधी भरलेले का असेनात. ‘पॅकेज’ ही दुकानाची सोय आहे, त्वचेला तिचा पत्ता नसतो.

प्रत्येक वेळी लिहून घ्या: आम्लाचं नाव, प्रमाण, माहीत असेल तर पीएच, किती थर किंवा किती मिनिटं, आधी काय लावलं, नंतर कोणती औषधं दिली. पीलच्या आधी आणि नंतर दर दोन-तीन दिवसांनी, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फिल्टरशिवाय फोटो काढा. काही बिघडलं आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं, तर त्यांचे पहिले प्रश्न हेच असतील, आणि ‘कसलं तरी फळांचं आम्ल होतं’ एवढ्या उत्तरावर त्यांना काहीच ठरवता येणार नाही.